जुनं गिऱ्हाईक

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि फोन हातात घेतला. 'बाळा, आहेस का?' त्यांनी लिहिलं.

'आहे की, काका. पट्ट्यांचं पार्सल मिळालं ना?' खरेदीच्या ॲपवरच्या मदतनिसाचं उत्तर लगेच आलं.

सेल, पट्टे, चिमटे, सगळं ते याच ॲपवरून मागवत. दुसरीकडे स्वस्त मिळे. पण इथे जुन्या गिऱ्हाइकाला कायम एकच मदतनीस देत, आणि या लेकराच्या बोलण्यात अशी काही माया, की घड्याळजी जागचे हलायला तयार नसत.

'मिळालं. आज काम वेगळंच आहे. माझ्या बायकोचं खातं बंद कर.'

'का हो, काका?'

'दिवसभर तुमच्याच ॲपला चिकटलेली असते. मी जवळ गेलो की फोन पालथा. तिचं तर एकही पार्सल घरी येत नाही, म्हणजे बहिणीकडे पाठवत असणार. इतक्या वर्षांचा संसार, आणि आता माझ्याशी दोन शब्द बोलायला सवड नाही तिला. बायको हातची चालली रे.'

मदतनिसानं विचारलं, 'कधीपासून हे?'

'घरबसल्या काहीतरी काम बघते, म्हणत होती. मी म्हटलं, या वयात तुला कोण काम देणार? तेव्हापासून.'

'खातं बंद करून माणूस जवळ येतं का, काका? स्वतःच्या हातानं चहा करा. तिच्याजवळ बसा. रागावू मात्र नका.'

छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलावा तसं घड्याळजींना हलकं वाटलं. 'देवासारखा भेटलास, लेकरा,' असं लिहून त्यांनी फोन खिशात टाकला आणि स्वयंपाकघर गाठलं. चहाचा डबा सापडेपर्यंत दोन पातेली खाली आली.

"मांजर शिरलं का हो?" आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं.

"मीच आहे."

"मग राहू दे. मांजर असतं तर उठले असते."

त्यांना कितीतरी दिवसांनी हसू आलं. कप घेऊन ते आत गेले, तिच्याशेजारी टेकले. आज तिनं फोन पालथा घातला नाही. एका हातानं कप घेतला, घोट घेतला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं भराभर काहीतरी लिहिलं.

घड्याळजींच्या खिशातला फोन थरथरला. मदतनिसानं लिहिलं होतं, 'चहा छान झालाय, अहो. साखर तेवढी विसरलात.'