काळी दोन

दिव्यश्रीने डबा सुरू केला आणि हंबीररावांचं पद तोंडातल्या तोंडात राहिलं.

डबा म्हणजे विजेवर वाजणारा तंबोरा. नायिकेचं काम करणारी ही मुलगी मंडळीत नवीन, आणि तिने तो हौसेने पुढच्या रविवारच्या प्रयोगासाठी आणला होता. हंबीरअण्णांची पट्टी काळी दोन, हे बंगळुराच्या चामराजपेठेतल्या मराठी घरांतलं शेंबडं पोरही सांगेल. तिने बटण काळी दोनवर ठेवलं. इकडे विश्वेश्वराने ऑर्गनवर सूर धरला. दोन्ही सूर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. रंगीत तालमीला शाळेच्या हॉलमध्ये जमलेल्या वीस-पंचवीस माणसांचे हात कानांवर गेले.

"डब्यात खोट आहे," हंबीरराव म्हणाले. "दुकानात परत दे."

त्यांचं म्हणणं खोडून कोण काढणार? पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. माप घ्यायचं, केसभर फरक दिसला की माल परत. या हौशी नाटकमंडळीतही तीच शिस्त. हे संगीत नाटक सगळ्या गावाला पाठ, समोर बसलेले लोक बरोबरीने पदं म्हणणार, तेव्हा नायकाने पट्टी सोडता कामा नये. ज्याला काळी दोन झेपत नाही त्याने डोक्यावरची नायकाची पगडी उतरवून दुसऱ्याच्या हातात द्यायची, असा मंडळीचा नियमच होता. बावीस वर्षांपूर्वी याच नियमाने ती पगडी भगवंतरावांच्या डोक्यावरून हंबीररावांच्या डोक्यावर आली. भगवंतराव तेव्हापासून विंगेत वही घेऊन बसत आणि नटांना वाक्यं पुरवत. हंबीरराव आता बासष्टचे झाले होते. दात पडले, केस गेले, पण पट्टी आहे तिथेच आहे, असं परवाच त्यांनी सगळ्यांना ऐकवलं होतं.

दिव्यश्री गुडघ्यांवर बसून बटण फिरवत राहिली. एक घर खाली. जुळेना. आणखी एक. तिसऱ्या घराला डबा आणि ऑर्गन असे काही एक झाले की कुठला आवाज कुठला ते कळेना. पोरीचा चेहरा खुलला.

"अण्णा, डबा बरोबर आहे," ती म्हणाली. "ऑर्गनच पांढरी एकवर आहे. तुम्ही रोज तिथंच गाता ना? मग हेच ठेवते."

कोणी हसलं असतं तरी चाललं असतं. कोणी हसलं नाही. हंबीररावांनी एकेकाकडे पाहिलं. उमाजी तबल्याची हातोडी शोधायला लागला, ती त्याच्या मांडीशीच होती. मंडळीतल्या स्मिताने नीट असलेला पदर पुन्हा नीट केला. म्हणजे या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा हात डोक्यावरच्या पगडीकडे गेला.

ते रंगमंचावरून उतरून ऑर्गनपाशी गेले. इतकी वर्षं त्यांनी विश्वेश्वराचं तोंड पाहिलं होतं, हात कधी पाहिले नव्हते. अंगठा पांढऱ्या पट्टीवर होता. किती वर्षं हे चाललंय, असं त्यांनी विचारलं. सहा, विश्वेश्वर म्हणाला. दर दोन वर्षांनी एकेक पट्टी.

"स्वल्प स्वल्प करून, अण्णा. तुम्हाला कळू नये म्हणून."

"कोणी सांगितलं तुला?"

विश्वेश्वराने आधी विंगेकडे पाहिलं. मग तो वाकून अगदी हळू बोलला, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असं.

"भगवंतरावांनी. आणि अण्णा, त्या दिवशी तुम्ही सांगितलं म्हणून मी पट्टी वर घेतली होती, तेही त्यांना ठाऊक आहे."

ती गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक आहे असं हंबीरराव बावीस वर्षं धरून चालले होते. भगवंतरावांना सगळ्यांसमोर पट्टी सिद्ध करायची होती, त्या सकाळी हंबीररावांनी विश्वेश्वराला बाजूला नेऊन कॉफी पाजली होती आणि काळी दोनच्या जागी पांढरी तीन धर, असं सांगितलं होतं. भगवंतरावांचा आवाज वरच्या सुराला फाटला होता. एक अक्षर न बोलता त्यांनी पगडी उतरवली होती.

"त्यांना कधी कळलं?"

"पहिल्याच सुराला."

अर्ध्या स्वराचा फरक त्या माणसाला पहिल्याच सुराला कळला होता. आपल्याला दीड स्वराचा फरक सहा वर्षांत कळला नाही. हंबीररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पगडी काढली आणि दोन्ही हातांत धरून ते विंगेत गेले. भगवंतराव चष्मा लावून, वहीवर बोट ठेवून बसले होते. पगडी पुढे आली, तरी त्यांनी हात पुढे केला नाही.

"सरी, असू दे, डोक्यावर घाल ती," ते म्हणाले. "पद राहू दे. पुढचं वाक्य तुझं आहे."

बावीस वर्षं पाठ असलेलं ते वाक्य हंबीररावांना काही केल्या आठवेना. मग वहीवरचं बोट न हलवता, रोज सांगत तसाच, भगवंतरावांनी पहिला शब्द हळूच सांगितला.