मनगटावरची गाठ
डॉक्टरांनी ऑपरेशननंतरची पट्टी सोडताच टेलरकाकूंनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. मनगटावर टाके होते, पण गाठ जिथल्या तिथेच. त्यांच्या वडिलांचं पोटही असंच उघडून, गाठ न काढता शिवलं होतं. महिन्याभरात ते गेले. "खरं सांगा, हाताबाहेर गेलंय ना?" त्यांनी कसंबसं विचारलं. "आधीच सांगितलं होतं, काकू," डॉक्टर म्हणाले. "साधी चरबी आहे, पण नसेच्या धाग्याधाग्यांत गुंतलेली. ओढून काढली असती तर नसच तुटली असती. नसेला वरून आवळणारा मनगटातला पट्टा कापून तिला जागा केलीय." काकूंनी मान हलवली, विश्वास मात्र बसला नाही. अंगठा कधीचा बधिर होता. शिवताना सुई टोचलेली कापडावरच्या रक्तानंच कळायची. घरी आल्यावर त्यांनी डोळे मिटून अंगठ्यावर टाचणी दाबली. किंकाळी ऐकून सून धावत आली. "काय झालं, आई?" "दुखतंय गं," काकूंनी सांगितलं आणि पुन्हा टोचून घेतलं.