सम्राटाची सही

बदलापूर गावातल्या मारुतीसमोर भर दुपारी रंगीत तालीम चालली होती आणि रोमचा सम्राट होनोरियस पलंगपोस गुंडाळून, डोक्यावर आंब्याच्या पानांचा मुकुट घालून घाम पुसत बसला होता. नाटक कुठलंही असो, राजाचं काम पाटलांच्या घरात जायचं हा गावचा रिवाज. त्यामुळे सम्राट झाला हरिचंद्र पाटील.

श्रीपाद मास्तरांनी नाटक लिहिलं होतं. होनोरियस दहाव्या वर्षी गादीवर बसतो आणि कोंबड्यांना दाणे टाकण्यात रमतो. राज्य सांभाळतो त्याला लहानाचा मोठा करणारा सेनापती. मग मंत्री कान भरतो आणि सम्राट त्याच सेनापतीच्या देहदंडावर सही करतो. हरिचंद्रला हे काम शिकवावंच लागलं नाही. त्यालाही कुणाला नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. आईबाप लवकर गेले, वाढवलं ते घरच्या गोमा ठाकराने. पाटलांची डोंगराखालची चार खाचरं गोमा वीस वर्षं कसत होता. कसेल त्याची जमीन या नव्या कूळकायद्याने येत्या एक एप्रिलला, सत्तावन्न साली, ती त्याच्या नावावर व्हायची होती.

मंत्र्याचं काम हरिचंद्रच्या चुलत्याकडे, कमळाकरकडे होतं. गोमा नुसता मजूर आहे, कूळ नाही, असा जबाब लिहून दे म्हणून तो आठ दिवस पुतण्याच्या मागे लागला होता. हरिचंद्र रोज म्हणायचा, उद्या बघू. घरी होत नसलेली सही तालमीत मात्र रोज व्हायची. दौत-टाक खरे, सहीही स्वतःच्या नावाची, खरी, असा मास्तरांचा हट्टच होता. हात नुसता हवेत फिरवला की मागच्या माणसालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं.

कमळाकरने गुंडाळी पुढे केली. "महाराज, सही."

हरिचंद्रने टाक बुडवला, गुंडाळी उलगडली आणि थांबला. रोजचा कोरा कागद नव्हता. गोमा देऊ ठाकर याने सदर जमीन कूळ म्हणून कधीही कसलेली नाही, असं त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. टाकातली शाई पलंगपोसावर ठिबकली.

"आख्खा गाव बघतोय, हरी," कमळाकर हळूच म्हणाला.

मास्तरांनी आडून दोनदा वाक्य सुचवलं. मागे कुणीतरी हसलं. एकदा नाही म्हणायचं होतं फक्त, तेवढंच हरिचंद्रच्याने होईना. तो गर्दीत कुणाला तरी शोधू लागला.

गोमा सकाळीच वाडीवरून येऊन पुढे जमिनीवर बसला होता. त्याला अक्षरओळख नव्हती. आपला हरी चारचौघांत अडखळला, एवढंच त्याला दिसलं, आणि ते त्याला बघवेना. तो गुडघ्यांवर उठला.

"कर रं बाला सही," तो म्हणाला. "भितस कशाला? मी हाय ना हितं."

हरिचंद्रच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. काय काम करतोय पोरगा, मास्तर शेजारच्याला म्हणाले.

हरिचंद्रने सही केली. कमळाकरने फुंकर मारून शाई वाळवली.

पहिली टाळी गोमाने वाजवली.