चाकापुढचं लिंबू

चाकापुढं लिंबू ठेवलं आणि गाडी पुढं जाईना. समोर काही आलं की ती आपोआप ब्रेक लावायची. या कोटभर रुपयांच्या शहाणीला लिंबूही दिसलं!

सांगलीतल्या माझ्या नव्या शोरूमची ही पहिली विक्री. ती मोडली तर कंपनी डीलरशिप काढून घेणार, आणि मेकॅनिक तर पुण्यात. मी स्टिअरिंगमागं बसून एकेक बटण दाबून बघत होतो.

“अहो, गाडीच नको म्हणतीय. चला घरी,” गिऱ्हाइकाची बायको म्हणाली.

गिऱ्हाईक म्हणजे द्राक्षबागायतदार तात्या बिरनाळे. ते लिंबू उचलून सरळ गाडीपुढं आडवे झाले. “लिंबाला जपतीय, मला किती जपते बघू! शेठ, ब्रेकवरचा पाय काढा.”

मी डोळे मिटून पाय काढला.

गाडी तात्यांच्या पोटापासून वितीवर थांबली.

“घेतली!” तात्या धोतर झटकत उठले.

मी उतरलो नाही. माझं काळीज पुढच्या चौकापर्यंत गेलं होतं, ते परत यायची वाट बघत बसलो.