पृथ्वीवर पाठवलेला निरोप

"आवाज वाढव गं," आई म्हणाली. तिचा लाडका सिनेमा मी आज टीव्हीवर पहिल्यांदाच मराठीत लावला होता.

अंतराळयानात राक्षस शिरतो, तो जुना इंग्रजी सिनेमा. बाबा दर दिवाळीत भाड्याने व्हीसीआर आणून तो लावायचे आणि इंग्रजी न येणाऱ्या आईला प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचे. बाबा गेल्यापासून तिने तो पाहिला नव्हता.

राक्षस छतातून उतरला, तेव्हा सवयीने तिने शेजारी हात टाकला. तिथे उशी होती.

शेवटी यानात एकटीच उरलेली बाई पृथ्वीवर निरोप पाठवू लागली, "मला शोधू नका. मी परत येणार नाही."

"काहीतरीच!" आई फटकन म्हणाली. "ती म्हणते, भात टाकून ठेवा, मी निघालेय. ह्यांनीच सांगितलंय."

मला हसू आलं. कारखान्यातून निघताना बाबा रोज शेजारच्यांच्या फोनवर आईला हाच निरोप द्यायचे.

आई मात्र हसली नाही. तिने रिमोट घेतला, सिनेमा थोडा मागे नेला आणि आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर त्या बाईचे ओठ हलले.

"भात टाकून ठेवा," आई पुटपुटली. "मी निघालेय."