लेन वॉरिकची सातवी डीव्हीडी

रिमोटमधले सेल काढून चारुतानं ते तांदळाच्या डब्यात खुपसले आणि हात पुसत ती बाहेर आली.

"सापडला का गं रिमोट?" सिंधूताईंनी विचारलं.

"सापडला, आई. पण चालत नाहीये. सेल गेलेत वाटतं."

"मग आण की खालच्या कोनबिनीतून. चोवीस तास उघडं असतं म्हणतेस ना ते दुकान?"

"आणते. आधी चहा टाकते."

आईच्या पासष्टाव्या वाढदिवसाला चारुताच्या नवऱ्यानं, अंबरीषनं, लेन वॉरिकच्या सिनेमांचा अख्खा संच मागवला होता. सिंधूताईंनी जन्मभर पुण्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं. कॉलेजात असताना कॅम्पातल्या थिएटरात त्यांनी लेनचा एकेक सिनेमा चार-चारदा पाहिला होता. तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे जपानला, ओजिमाला आल्यापासून दुपारी तोच कार्यक्रम. सहा सिनेमे झाले. सातव्या डीव्हीडीत सिनेमा नव्हता, लेनची जीवनकथा होती.

सासूबाई शुक्रवारी अंघोळीला गेल्या तेव्हा चारुतानं ती भराभर पुढे ढकलत पाहून घेतली होती. पेट्रोल पंपावरचा पोरगा, स्टुडिओनं दिलेलं नवं नाव, नवे दात, मुलींच्या पत्रांची पोती. इथवर ठीक होतं. पण ज्याला सगळं जग चोवीस वर्षं लेनचा सेक्रेटरी समजत होतं, तो सेक्रेटरी नव्हता. ते छापून यायच्या आत स्टुडिओनं घाईघाईनं लेनचं लग्न लावून दिलं होतं.



तिच्या घरात त्या सेक्रेटरीच्या जागी विश्वजित होता. अंबरीषचा ऑफिसातला मित्र, राहायला जवळच्याच इचिकावा गावात. आत्ताही दोघं नदीकाठच्या मैदानावर क्रिकेट खेळायला गेले होते. निदान घरात तसं सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिला कळलं, तेव्हा अंबरीष ओट्यापाशी खाली बसून लहान मुलासारखा रडला होता. "तू म्हणशील ते मला कबूल आहे. फक्त आईला कळू देऊ नकोस. ती जगायची नाही."

चारुतानं लेकीला, राधिकाला, कडेवर घेतलं आणि ती गप्प राहिली. बोलून जायचं कुठे? आईवडील लहानपणीच गेले. मामांनी वाढवलं, लग्न लावलं आणि हात झटकले. शिवाय अंबरीष वाईट नव्हता. राधिका तापली की उशाशी बसून राहायचा. आणि सासू? बाळंतपणात सख्ख्या आईनं केलं नसतं इतकं त्यांनी केलं होतं. त्यांना काही झालं असतं, तर ते तिच्याच माथी आलं असतं. मग चार वर्षांच्या पोरीला घेऊन ती कुणाच्या दारात उभी राहणार होती?

चहा घेऊन ती बाहेर आली, तर टीव्हीवर लेन वॉरिक हसत होता.

"आमच्या वेळी कुठे होते रिमोट?" सिंधूताई म्हणाल्या. "यंत्राला बटण असतंच. बस."

ती बसली.

"बघ, दातसुद्धा खोटे. आणि आम्ही येड्या ह्या दातांपायी वहीत कविता लिहायचो."

"आई, दुसरं काही लावू या का? हे फार रडकं आहे म्हणे."

"कोण म्हणे?"

"अंबरीष."

"त्यानं कधी पाहिलं?"

चारुतानं चहाचा घोट घेतला. जीभ पोळली.

राधिका चित्र काढता काढता बालवाडीतल्या जपानीत म्हणाली, "बाबा वा?"

"क्रिकेटला गेलेत."

"विश्वकाका मो?" विश्वकाकाही का, असं विचारत होती ती.

"काय म्हणते गं?" सिंधूताईंनी विचारलं.

"झोप आली म्हणते." चारुतानं तिला मांडीवर घेतलं, थोपटलं. पोर खरंच झोपली, तसं तिला शेजारी गादीवर निजवलं.

पडद्यावर समुद्रकाठचा फोटो आला. लेन, आणि शेजारी तो सेक्रेटरी. चारुता कप उचलायच्या निमित्तानं टीव्हीसमोर उभी राहिली. जितका वेळ उभं राहणं शक्य होतं, तितका वेळ.

"बाजूला हो गं. दिसत नाहीये."

ती बाजूला झाली. पुढचं सगळं आलं. लग्न आलं, वेगवेगळ्या खोल्या आल्या. तीन वर्षांनी बायकोचे दोन भाऊ आले आणि बहिणीला माहेरी घेऊन गेले. तिथून ती थेट वर्तमानपत्रवाल्यांकडे गेली. महिन्याभरात लेनच्या हातातले चारही सिनेमे गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो वारला, तेव्हा जवळ शेजारीण तेवढी होती.

पडदा निळा झाला. सिंधूताईंच्या कपाळावर घाम होता.

"आई, बीपीची गोळी देऊ?"

"सकाळी घेतली." त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. "मूर्ख होते स्टुडिओवाले."

"कोण?"

"अगं, लाखात एक पोरगा. त्याच्यासाठी मुलगी बघायची, तर ही असली? माहेरी बाप धडधाकट, पाठीशी दोन भाऊ. तीन वर्षांत परत नेली की नाही?"



सिंधूताईंनी पुढे होऊन झोपलेल्या राधिकाच्या अंगावर दुलई सारखी केली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"मी एकतीस मुली पाहिल्या. शिकलेल्या, दिसायला तुझ्याहून उजव्या. मग तुझ्या मामांचा फोन आला, म्हणाले हिला मागंपुढं कुणी नाही. मी पत्रिकाही मागवली नाही, तिथल्या तिथे होकार कळवला."