दोनाचा एक डबा

"वेडा आहेस का रे? मिसळायची?" एकनाथ संजीववर खेकसलाच. "दोन पावडरी एकत्र केल्या की संपलं! रायफल हातात फुटते. बोटं जातात, डोळे जातात. चहाची पावडर आहे का ती?"

त्याची बायको पद्मजा थर्मासमधून चहा ओतत होती. तिचा हात तसाच तिरका राहिला आणि चहा कपातून ओसंडून बाकावर सांडला.

संजीव बिचारा नवखा. युनिव्हर्सिटीत शिकणारा, नेमबाजी बघायला पहिल्यांदाच आलेला. त्यानं आपलं सहज विचारलं होतं, "काका, जुनी पावडर मिळत नाही तर नवीत मिक्स करून का नाही भरत?" एकनाथला तेवढंच हवं होतं. पार्सिपनीच्या घरून निघाल्यापासून त्याची टकळी चालूच होती. लेक वीणा आज स्टेट टीमच्या निवडीला उतरलेली, आणि तिची काडतुसं बापानं गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं भरलेली! शहाऐंशीच्या उन्हाळ्यात दुकानात काडतुसांत भरायची त्याची नेहमीची पावडर यायची बंद झाली, म्हणून त्यानं दुसरी आणून पाहिली होती. ती फार भरकन पेटायची, अगदी थोडी घालावी लागायची, आणि नेमही मनासारखा लागत नव्हता.

"शेवटी आजच्यासाठी जुनीच भरली," तो सांगत होता. "आणि नशीब बघ! मला वाटलं, तळाशी चमचाभर उरली असेल, तर चांगली अर्धा डबा निघाली!"

निघेल नाही तर काय. पद्मजानंच त्यात दुसरी ओतली होती. गॅरेज आवरताना दोन अर्धवट डबे दिसले. आतले दाणे सारखेच, काळपट, खसखशीएवढे. रव्याच्या आणि साबुदाण्याच्या अर्ध्या पिशव्या ती आयुष्यभर अशाच एकीत एक रिकाम्या करत आली होती. तिनं दोनाचा एक डबा केला, रिकामा झाकण लावून मागे सारला, आणि जागा झाली म्हणून स्वतःवर खूषही झाली.

"अहो," ती म्हणाली. "अहो, ते दोन डबे मी एकत्र केलेत."

एकनाथ हसला. मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि चेहरा पांढराफटक पडला.

समोर, पिवळ्या रेघेपलीकडे, नेमबाजांच्या रांगेत वीणा पहिल्या गोळीसाठी चटईवर पालथी पडली होती. रायफल खांद्याला, कानांवर जाडजूड इअरमफ. हात स्थिर राहावा म्हणून ही पोर रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये रिकामी रायफल रोखायची, नळीवर पेनीचं नाणं ठेवायची आणि ट्रिगर ओढायची. पेनी पडता कामा नये. पद्मजा शेजारी भाजी निवडत बघत बसायची. आधी वीणाचा श्वास थांबायचा, मग खांदा दगडासारखा व्हायचा, मग ट्रिगर. हे तिला पाठच झालं होतं.

"वीणा! अगं वीणा, थांब!" एकनाथ ओरडला. सकाळपासून एवढा बोलणारा माणूस, पण ऐन वेळी त्याला दुसरं काही सुचेना. शेजारच्या रायफली धडाडत होत्या. त्यात कोणाला ऐकू जाणार?

वीणाचा श्वास थांबलेला पद्मजाला दिसला.

रेघ ओलांडून पळायचं नाही, पलीकडे चालू रायफलींची जागा. पण सकाळी नेमबाजीच्या मैदानावरच्या रेंज ऑफिसरनं सगळ्यांना एक नियम बजावला होता. धोका दिसला तर कोणीही दोन शब्द ओरडा, अगदी पाहुण्यानंही, मी भोंगा वाजवून सगळ्यांना थांबवीन. ते दोन शब्द इंग्रजी होते. आणि पद्मजा तर सुपरमार्केटमध्ये दूध कुठंय हे विचारायलासुद्धा लेकीला पुढे करायची.

वीणाचा खांदा दगडासारखा झाला.

"सीज फायर!" पद्मजा बेंबीच्या देठापासून किंचाळली. "सीज फायर! सीज फायर!"

भोंगा वाजला. एकेक रायफल खाली गेली. वीणानं चडफडत बोल्ट मागे ओढला, आणि न उडालेलं काडतूस चटईवर पडलं.

संजीवनं धावत जाऊन ऑफिसरला मिसळलेल्या पावडरीचं सांगितलं, तसं त्यानं ते काडतूस उचललं. तो ओरडला नाही, त्यामुळे पद्मजाला जास्तच भीती वाटली.

"हू लोडेड धिस?" त्यानं विचारलं.

नेमबाजी क्लबातले सगळे एकनाथकडे बघायला लागले. त्यांनाही त्यानं सकाळपासून काडतुसांचं ऐकवलंच होतं. त्यानं हात वर केला. शेजारी पद्मजाचाही हात वर गेला.

"तू नको गं," एकनाथ पुटपुटला. "मी भरली. डबा एवढा भरलेला दिसला, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता."

पद्मजानं हात खाली घेतला नाही.

तेवढ्यात वीणा तरातरा आली. डोळ्यांत पाणी, नाक लाल. "आई, यू रुइन्ड इट! आय हॅड इट! आय वॉज परफेक्ट!"

पद्मजानं तिला बाकावर शेजारी बसवलं. तिनं वीणाचे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले, हातमोजा काढला, आणि लहानपणी नखं कापताना धरायची तसं एकेक बोट धरून दाबून बघत राहिली.